डब्यावर एस्टर, चेंबरमध्ये डिझेल

इंजिनातलं तेल हळूहळू कमी होतं, हे गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं. ते वाढतंसुद्धा, हे फारसं कुणी सांगत नाही. माझ्या बीएस-६ डिझेल गाडीत ते वाढलं. आणि तेल तरी कसलं, तर नेहमीच्या सिंथेटिकच्या जवळपास दुप्पट भावाचं, डब्यावर ठळक अक्षरांत ‘एस्टर’ मिरवणारं.

मोफत सर्व्हिसिंग संपलं होतं, वॉरंटी चालू होती. घराजवळ एक चकचकीत मल्टिब्रँड गॅरेज आहे, तिथे ऑइल चेंजला गाडी नेली. कंपनीच्या मॅन्युअलमध्ये ५डब्ल्यू-३० ग्रेड आणि एसीईए सी३ हा दर्जा लिहिलेला आहे. ते पान मी काउंटरवर उघडून दाखवलं. तिथला सल्लागार म्हणाला, “सर, सी३ वगैरे साध्या तेलांना. हे त्याच्या वरचं आहे. रेसिंगचं, एस्टर बेस. एकदा टाकलं की वीस हजार किलोमीटर बघायला नको.” आणि ५डब्ल्यू-४० चे डबे फुटले. बिलावर फक्त ‘इंजिन ऑइल’ एवढंच छापून आलं.

सुरुवातीचे काही आठवडे खरोखर छान गेले. सकाळी स्टार्ट करताना होणारी खडखड मऊ झाली, इंजिन शांत वाटू लागलं. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण एस्टरची सगळी तारीफ खोटी आहे असं मला म्हणायचं नाही. पण माझं रनिंग म्हणजे पुण्यात कोथरूड ते डेक्कन आणि परत. कर्वे रस्त्याच्या गर्दीत गाडी तिसऱ्या गिअरच्या वर जायची मारामार. पावसाळा संपता संपता दोन गोष्टी खटकू लागल्या. गाडी बंद केली तरी रेडिएटरचा पंखा जोरात फिरत राहायचा आणि मायलेज उतरलं होतं. एका रविवारी डिपस्टिक ओढली, तर तेल वरच्या खुणेच्याही चांगलंच वर! पुसून पुन्हा घातली, तरी तेच. बोटावर घेतलं तर पातळ, आणि वासाला उघड उघड डिझेल.

गॅरेजवाल्यांना विचारलं तर उत्तर आलं, “तेल एक नंबर आहे सर. तुमचं ड्रायव्हिंगच छोटं आहे.” राग आला, पण त्या वाक्यात अर्धं सत्य होतं. तेल वाईट नव्हतंच, ते दुसऱ्या कुठल्या तरी गाडीसाठी आणि दुसऱ्या कुठल्या तरी वापरासाठी होतं. रोज किती चालवता, कुठे चालवता, हे विकण्याआधी विचारायचं, ते तेल वाढल्यावर सांगून काय उपयोग?

त्यानंतर या विषयात मी जरा खोलात शिरलो. जे हाती लागलं त्याचं सार एका वाक्यात सांगता येईल: एस्टर हा तेलाचा एक घटक आहे, तेलाच्या दर्जाचा दाखला नव्हे. तेल निवडताना त्याचा विचार करावा, पण सगळ्यात शेवटी.

तेल वाढलं कसं?

बीएस-६ नियम एप्रिल २०२० पासून लागू झाले आणि बहुतेक डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरच्या वाटेत डीपीएफ, म्हणजे काजळी अडवणारी जाळी आली. जाळी भरत आली की गाडी स्वतःच ती काजळी जाळून टाकते. याला रीजनरेशन म्हणतात. त्यासाठी एक्झॉस्ट तापवावा लागतो आणि तो तापवण्यासाठी पुष्कळ इंजिनं सिलिंडरमध्ये उशिराने थोडं जादा डिझेल सोडतात. त्यातलं काही सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळत खाली चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाचं तेल साठतं तिथे, उतरतं.

गाडी हायवेवर एका वेगात पंधरा-वीस मिनिटं चालली तर रीजनरेशन पुरं होतं आणि प्रश्न मिटतो. पण शहरात ते सुरू होतं न होतं तोच आपण गाडी बंद करतो. मग पुढच्या खेपेला पुन्हा सुरुवात, पुन्हा जादा डिझेल. पेट्रोल तापलेल्या तेलातून बरंचसं उडून जातं. डिझेल जड, ते चेंबरमध्येच ठाण मांडतं. पंखा फिरत राहणं आणि मायलेज उतरणं ही या अर्धवट रीजनरेशनचीच लक्षणं होती.

तेल महाग असो की स्वस्त, डिझेल मिसळलं की ते पातळ होणारच. पातळी फार वाढली तर क्रँकशाफ्ट तेलात बुडून ते घुसळतो आणि फेस होतो. डिझेल इंजिनात तर ब्रीदरच्या नळीवाटे तेल आत ओढलं जाऊन इंजिन स्वतःचंच तेल जाळत बेफाम सुटण्याचाही धोका असतो. म्हणून पातळी खुणेच्या वर दिसली की गाडी चालवत राहू नये, तेल काढून टाकावं.

मी काढलेल्या तेलाचा नमुना एका खासगी प्रयोगशाळेत दिला. अशा प्रयोगशाळा एरवी कारखान्यांच्या यंत्रांतली तेलं तपासतात, पण गाडीचंही तपासून देतात. १०० अंश सेल्सिअसला ४० ग्रेडच्या तेलाची श्यानता, म्हणजे व्हिस्कॉसिटी, १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक या पट्ट्यात असावी लागते. माझं तेल १२.५ च्या खाली घसरून ३० ग्रेडच्या पट्ट्यात जाऊन बसलं होतं. ग्रेड ‘वरचा’ म्हणून विकलेलं तेल वीस हजार सोडा, त्याच्या निम्मं अंतर कापायच्या आतच तो ग्रेड गमावून बसलं.

त्याच अहवालात ‘ऑक्सिडेशन’च्या रकान्यात लाल शेरा होता. तेल जळून खराब झालंय, असा त्याचा अर्थ. तिथल्या केमिस्ट बाईंना विचारलं तर त्यांनी आलेख समोर ठेवला. ऑक्सिडेशन मोजताना तेलातून अवरक्त किरण सोडतात आणि १७४० या आकड्याच्या आसपास शिखर दिसतं का ते बघतात. खराब झालेल्या तेलात तिथे शिखर येतं. पण एस्टरच्या रेणूचं शिखर ताज्या तेलातही नेमकं तिथेच येतं! बंद डब्यातल्या नव्या तेलाचा नमुना सोबत दिला असता तर दोन्हींतला फरक काढता आला असता. तेव्हा एस्टर तेल तपासायला द्यायचं असेल, तर बाटलीभर कोरं तेल आधीच बाजूला काढून ठेवावं आणि दोन्ही नमुने एकत्र द्यावेत.

एस्टर म्हणजे नेमकं काय

आम्ल आणि अल्कोहोल यांचा संयोग होऊन, मधून पाणी बाहेर पडून जे तयार होतं ते एस्टर. या कुटुंबाचा पसारा अफाट आहे. खोबरेल तेल हे एस्टरांचंच मिश्रण, केळ्याचा कृत्रिम स्वाद म्हणजेही एक एस्टर आणि बायोडिझेलही रासायनिकदृष्ट्या एस्टरच. हे शेवटचं तर चेंबरमध्ये अजिबात नको असलेलं. त्यामुळे ‘यात एस्टर आहे’ एवढ्याने काहीच कळत नाही. कोणता, किती आणि बाकी कशासोबत, हे कळायला हवं.

इंजिनात एस्टर घालण्याची कल्पना नवी नाही. पहिल्या महायुद्धातल्या विमानांच्या रोटरी इंजिनांत एरंडेल वापरत, कारण ते पेट्रोलमध्ये सहज विरघळत नसे आणि धातूला घट्ट धरून राही. आपल्याकडे एरंडेलाचा दुसराच उपयोग घरोघरी माहीत, पण तेही नैसर्गिक एस्टर. त्याची खोड अशी की तापलं की त्याचा चिकट राळेसारखा थर बसतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जर्मनीत हर्मान झोर्न या रसायनतज्ज्ञाने कृत्रिम एस्टरांवर मोठं काम केलं. पुढे जेट इंजिनं आली. तिथल्या उष्णतेपुढे खनिज तेल टिकेना, तेव्हा एस्टरने ती जागा घेतली आणि आजही विमानांच्या जेट इंजिनांत एस्टरवर आधारित तेलच असतं. मोटारींकडे हे ज्ञान १९७० च्या सुमारास वळलं. मोतूल कंपनीचं ३००व्ही १९७१ मध्ये आलं, ॲम्सॉइलचं डायएस्टरवर आधारलेलं तेल १९७२ मध्ये. १९७४ मध्ये आलेल्या मोबिल १ ने मात्र मुख्य भर पीएओ या दुसऱ्या कृत्रिम तेलावर ठेवला.

एस्टरचे गुण खरे आहेत. त्याच्या रेणूला विद्युतभाराची किंचित ओढ असते, त्यामुळे तो धातूच्या पृष्ठभागाला चिकटून राहतो. तो सहजासहजी उडून जात नाही, उष्णता सोसतो. आणि त्याच्यात विरघळवण्याची ताकद असते, त्यामुळे तेलातली रसायनं नीट मिसळलेली राहतात आणि इंजिनातली घाण सुटते. पीएओमध्ये नेमकं हेच कमी असतं, शिवाय पीएओने रबराचे सील थोडे आकसतात आणि एस्टरने थोडे फुगतात. म्हणून तेल बनवणारे दोन्ही मिसळतात आणि एकाची उणीव दुसऱ्याने भरून काढतात. कितीतरी चांगल्या सिंथेटिक तेलांत असं थोडं एस्टर असतंच, डब्यावर त्याचा गाजावाजा नसतो.

जास्त एस्टर म्हणजे जास्त चांगलं, हेही खरं नाही. झीज रोखण्यासाठी तेलात झिंक आणि फॉस्फरसयुक्त रसायन घालतात, त्यालाही धातूच्याच पृष्ठभागावर जागा हवी असते. एस्टर प्रमाणाबाहेर झालं की ते त्याच जागेवर हक्क सांगू लागतं. हा तोल साधूनच तेल बनवलेलं असतं. तो आपण घरी बिघडवू नये. ‘एस्टर बूस्टर’ म्हणून छोट्या बाटल्या मिळतात, त्या भरलेल्या तेलात ओतण्याच्या फंदात पडू नका.

लेबल वाचताना

‘फुल्ली सिंथेटिक’ हा शब्द वाटतो तेवढा कडक नाही. अमेरिकेत कॅस्ट्रॉलने आपल्या सिंटेक तेलात पीएओऐवजी खनिज तेलावरच कडक हायड्रोजन प्रक्रिया करून मिळवलेलं तेल वापरायला सुरुवात केली. मोबिलने जाहिरातींच्या स्वनियमन मंडळाकडे तक्रार केली. १९९९ मध्ये निर्णय कॅस्ट्रॉलच्या बाजूने लागला आणि अशा ग्रुप ३ तेलांना सिंथेटिक म्हणण्याची वाट मोकळी झाली. ग्रुप ३ तेल कमअस्सल असतं असं मुळीच नाही. आज बाजारातली बहुतेक सिंथेटिक तेलं त्यावरच बनतात आणि वाहनकंपन्यांच्या कडक चाचण्या पास होतात. ग्रुप ४ म्हणजे पीएओ, आणि पहिल्या चार ग्रुपांत न बसणारं सगळं ग्रुप ५ मध्ये. एस्टर तिथे येतं.

‘एस्टर टेक्नॉलॉजी’, ‘एस्टर फोर्टिफाइड’, ‘विथ एस्टर’ या सगळ्यांचा अर्थ इतकाच की एस्टर आहे. दोन टक्के की वीस, ते डबा सांगत नाही. काही कंपन्यांच्या सेफ्टी डेटा शीटवरून थोडा अंदाज येतो, पूर्ण पाककृती कुणीच देत नाही. म्हणून टक्केवारीच्या मागे लागण्यापेक्षा डब्याची मागची बाजू वाचावी. तिथे वाहनकंपन्यांचे संकेतांक असतात: एमबी २२९.५१, बीएमडब्ल्यू एलएल-०४, व्हीडब्ल्यू ५०७ ००, अशा प्रकारचे. त्यात एक मेख असते. एखाद्या संकेतांकासमोर ‘ॲप्रूव्हड’ असेल, तर वाहनकंपनीने ते तेल तपासून मान्यता दिलेली असते. ‘मीट्स द रिक्वायरमेंट्स’ किंवा ‘सूटेबल फॉर’ असेल, तर तो तेलकंपनीचा स्वतःचा दावा असतो. दुसरा दावा खोटाच असतो असं नाही, पण वॉरंटीतल्या गाडीसाठी मी आता पहिलाच शब्द शोधतो.

एस्टर तेल कुठे अडचणीत आणतं

डीपीएफ असलेल्या डिझेल गाडीचा प्रश्न राखेचा. तेलाचा थोडा अंश जळतोच आणि त्यातल्या धातूयुक्त रसायनांची राख डीपीएफमध्ये साचते. काजळी रीजनरेशनमध्ये जळून जाते, राख जळत नाही, ती कायमची बसते. म्हणून एसीईए सी३ तेलात राखेचं प्रमाण ०.८ टक्क्यांच्या आत ठेवलेलं असतं. ए३/बी४ दर्जाच्या तेलात ते १.० ते १.६ टक्के चालतं. रेसिंगसाठी बनवलेली तेलं बहुधा सी३ च्या चौकटीत बसत नाहीत आणि बसावीत असा त्यांचा दावाही नसतो. एका ऑइल चेंजने डीपीएफ चोंदत नाही, पण तेच तेल वर्षानुवर्षं घालत राहिलात तर जाळी वेळेआधी बदलावी लागेल, आणि ती जाळी भलतीच महाग असते.

‘वरचं’ तेल हाही गैरसमज. ५डब्ल्यू-३० म्हणजे पातळ, म्हणून कमकुवत, असं काउंटरवर सर्रास सांगतात. तापलेल्या बेअरिंगमध्ये तेलाचा थर किती तग धरतो यासाठी एचटीएचएस नावाची चाचणी असते. सी३ दर्जाच्या ५डब्ल्यू-३० तेलाला त्यात किमान ३.५ गुण मिळवावे लागतात. ५डब्ल्यू-४० तेलालाही किमान मर्यादा तीच, ३.५. म्हणजे माझ्या मॅन्युअलमधलं तेल त्या कसोटीवर मुळात कमी नव्हतंच. उलट काही नव्या छोट्या पेट्रोल गाड्यांना ०डब्ल्यू-२० किंवा ०डब्ल्यू-१६ इतकं पातळ तेल सांगितलेलं असतं. त्यांचा ऑइल पंप, बेअरिंगमधली फट, व्हॉल्व्हची वेळ बदलणारी यंत्रणा सगळं त्याच हिशोबाने बनवलेलं असतं. तिथे जाड तेल भरून इंजिनाची काळजी घेतल्याचं समाधान मानू नये. आणि ‘डब्ल्यू’च्या आधीचा आकडा फक्त थंडीतल्या स्टार्टिंगचा. ५डब्ल्यूची चाचणी उणे ३० अंशांना होते. पुण्यात कडाक्याची थंडी म्हणजे पारा एक आकड्यावर. ०डब्ल्यूमधल्या शून्यासाठी जादा पैसे मोजायचं आपल्याला कारण नाही. मॅन्युअलमध्येच तो असेल, तर गोष्ट वेगळी.

टर्बो पेट्रोल, त्यातही डायरेक्ट इंजेक्शन असेल, तर आणखी एक भानगड असते. कमी वेगात जोरात ॲक्सिलरेटर दाबला की मिश्रण ठिणगीच्या आधीच पेट घेऊ शकतं. याला एलएसपीआय म्हणतात. जोराचा ठोका बसला तर पिस्टन तडकतो. तेलातल्या कॅल्शियमच्या रसायनांनी हा धोका वाढतो असं दिसून आल्यावर २०१८ मध्ये एपीआय एसएन प्लस आणि २०२० मध्ये एपीआय एसपी हे दर्जे आले, त्यांत यासाठी वेगळी चाचणी आहे. अशी गाडी असेल तर डब्यावर एसपी किंवा त्यानंतरचा दर्जा आहे का ते आधी बघा, एस्टरचं नंतर. भारी रेसिंग तेलाच्या डब्यावर हा दर्जा नसणं अगदी शक्य आहे.

पाणी हा चौथा मुद्दा. एस्टर बनताना पाणी बाहेर पडतं. उलट पाणी आणि उष्णता मिळाली की एस्टरचं पुन्हा आम्ल होऊ शकतं. जुन्या डायएस्टरांत हे जास्त, आजच्या पॉलिओल एस्टरांत बरंच कमी. पण इंजिन पुरतं तापण्याआधीच बंद होत असेल, तर चेंबरमध्ये ओल साचते. ऑइल भरायच्या झाकणाखाली पिवळट दुधाळ थर दिसतो तो तिचाच. आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं, आणि इथेनॉल पाणी धरून ठेवतं. कोकणातल्या पावसाळ्यात, दुकान ते घर एवढंच रनिंग असलेल्या गाडीला ‘एस्टर आहे, दोन वर्षं बघू नका’ हा सल्ला म्हणूनच चुकीचा. मॅन्युअलमध्ये ‘किलोमीटर किंवा महिने, जे आधी होईल ते’ लिहिलेलं असतं. त्यातले महिने अशाच गाडीसाठी असतात.

जुन्या इंजिनाचा किस्सा आमच्याच घरातला. मेहुण्याची २००९ सालची पेट्रोल गाडी, वर्षानुवर्षं सुटं खनिज तेल खाल्लेली. त्यात एकदम एस्टर तेल गेलं. एस्टरने आतला साका सुटा केला आणि त्या साक्याने झाकलेली टॅपेट कव्हरच्या गॅस्केटची गळती उघडी पडली. पार्किंगच्या फरशीवर रोज काळे डाग. नशीब, गाडी आमच्या पेठेतल्या जुन्या मिस्त्रींकडे गेली. त्यांनी आधी चेंबर खोलला. आत तेल ओढून घेणाऱ्या नळीच्या जाळीवर काळा चिखल बसला होता. “गळतंय ते दिसतं तरी, भाऊ. ही जाळी बंद झाली असती तर इंजिन जॅम,” ते म्हणाले. त्यांनी जाळी धुतली, गॅस्केट बदललं आणि नियम घालून दिला: अशा गाडीत आधी मॅन्युअलच्या ग्रेडचं साधं सिंथेटिक घालायचं, निम्म्या अंतरावर फिल्टरसकट बदलायचं, असं दोनदा करायचं, मग हवं तर एस्टर. इंजिन फ्लशची बाटली ओतून एका दिवसात सगळं साफ करायला जायचं नाही. ती गाडी आज ठणठणीत आहे.

मग घ्यायचं तरी कुणी?

ज्यांच्या इंजिनाचं तेल खरोखर तापतं, त्यांनी. कोइम्बतूरजवळच्या कारी मोटर स्पीडवेवर किंवा चेन्नईच्या ट्रॅकवर गाडी पळवणारे हौशी मित्र एस्टर तेल वापरतात आणि त्यांचं बरोबर आहे. पण ते ट्रॅकवरून परतल्यावर तेल लवकर बदलतातही. रेसिंगचं तेल थोड्या वेळात भयंकर ताण सोसण्यासाठी बनतं, वीस हजार किलोमीटर टिकण्यासाठी नव्हे. भरल्या गाडीने सतत घाट चढणारे, उन्हाळ्यात विदर्भातून तासन्‌तास हायवेवर गाडी हाकणारे, जुनी पण स्वच्छ इंजिनं निगुतीने सांभाळणारे, यांनाही एस्टरचा फायदा होऊ शकतो. अट एकच: मॅन्युअलमधला दर्जा आणि ग्रेड त्या डब्यावर असायलाच हवा. काही एस्टरयुक्त तेलं ही अट पाळतात. तशी मिळाली आणि खिशाला परवडली तर खुशाल घ्या.

बाकीच्यांनी साधा हिशोब करावा. माझ्या बाबतीत एका एस्टर ऑइल चेंजच्या पैशात मॅन्युअलमधल्या सी३ तेलाचे जवळजवळ दोन ऑइल चेंज बसतात. शहरातल्या रनिंगला, जिथे डिझेल आणि ओल तेलात उतरणारच, तिथे साधं पण योग्य तेल निम्म्या अंतरावर बदललेलं केव्हाही बरं. तेलात मिसळलेली घाण तेलासोबत बाहेर जाते. महागडं तेल भरून तीच घाण दुप्पट काळ आत फिरवण्यात कसलं शहाणपण?

खरेदीच्या वेळी काही गोष्टी पाळायच्या. सीलबंद डबा आपल्यासमोर उघडायला लावा. क्यूआर किंवा स्क्रॅच कोड असेल तर तिथल्या तिथे तपासा. ड्रममधलं सुटं तेल घेऊ नका. रंगावरून किंवा बोटांवर चोळून अस्सल-नक्कल ओळखता येत नाही, रंग हा नुसता रंग असतो. रिकाम्या डब्याला भोक पाडून, लेबल फाडूनच टाका, नाहीतर तोच डबा भेसळीच्या तेलाने भरून कुणाच्या तरी गाडीत जाईल. बिलावर कंपनी, तेलाचं पूर्ण नाव, ग्रेड, बॅच नंबर आणि त्या वेळचे किलोमीटर लिहून घ्या. हे सांगतोय त्याला कारण आहे. अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये तेल बदलायला गेलो, तेव्हा त्यांनी पहिल्यांदा मागितलं ते जुन्या तेलाचं बिल. ‘इंजिन ऑइल’ एवढे दोनच शब्द असलेला कागद बघून त्यांनी जॉबकार्डवर ‘शिफारस नसलेलं तेल’ असा शेरा मारला. इंजिनाचा काही दावा करायची वेळ आली, तर तो शेरा आपल्या विरुद्ध जाणार.

महिन्यातून एकदा डिपस्टिक बघायची. गाडी सपाट जागी, इंजिन बंद करून काही मिनिटं थांबायचं, म्हणजे तेल खाली उतरतं. धागे न सुटणाऱ्या फडक्याने पुसून पुन्हा घालायची आणि मग वाचायची. पातळी खालच्या खुणेकडे गेली तर तेच तेल थोडं घालायचं. वर सरकत असेल तर वास घ्यायचा, आणि डिझेलचा वास आला तर पुढच्या सर्व्हिसिंगची वाट बघायची नाही. डीपीएफवाल्यांनी आठवड्यातून एकदा तरी गाडी मोकळ्या रस्त्यावर एका वेगात वीसेक मिनिटं चालवावी, आणि पंख्याच्या आवाजावरून रीजनरेशन चालू आहे असं वाटलं तर शक्य असल्यास गाडी तिथेच बंद करू नये. मी आता रविवारी सकाळी एक्स्प्रेसवेवर लोणावळ्यापर्यंत जाऊन येतो. तेल मॅन्युअलमधलं सी३, बदल मॅन्युअलच्या निम्म्या अंतरावर. पातळी तेव्हापासून जागची हललेली नाही.

काउंटरवर तेल घेताना क्रम असा ठेवा: आधी मॅन्युअलमधला दर्जा, मग ग्रेड, मग आपल्या वापराप्रमाणे बदलायचं अंतर, आणि हे तिन्ही जुळल्यावर आत एस्टर आहे की पीएओ की ग्रुप ३, हा प्रश्न. विकणाऱ्याने क्रम उलटा धरला, रोज किती किलोमीटर चालवता हे न विचारताच ‘एस्टर’चा डबा पुढे केला, तर मॅन्युअल बंद करा आणि दुसरं दुकान गाठा.